तारखेशिवाय अस्तर वाचता येत नाही

धंतोलीतल्या त्या पॅथॉलॉजी लॅबला मे महिन्यात बर्फ फार लागतो. मेणाचा ब्लॉक गार आणि टणक असला तरच मायक्रोटोमच्या पात्याखाली तीन-चार मायक्रॉनची पातळ चकती निघते. नागपूरच्या उन्हाळ्यात मेण मऊ पडतं, चकती चुरगळते. म्हणून टेक्निशियन काका ब्लॉक बर्फाच्या ट्रेवर पालथे मांडतात. चाक फिरवलं की पट्टी पुढे सरकत येते, कोमट पाण्यावर पसरते आणि काचेवर उचलली जाते. आजच्या ब्लॉकमध्ये आहे लागोपाठ तीन गर्भपात झालेल्या एका बाईच्या गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा, नखाएवढाही नाही.

डॉक्टरबाई आधी फॉर्म बघतात. शेवटच्या पाळीची तारीख? रकाना कोरा.

"लिव्हर आज काढा, उद्या काढा, लिव्हरच दिसतं. हे रोज बदलतं ना," त्या म्हणाल्या आणि फोन उचलला. बीज सुटल्यावर दोनेक दिवसांत ग्रंथींच्या पेशींमध्ये केंद्रकाखाली पोकळ थेंब दिसू लागतात. आठवड्याभरात मधली ऊती सुजते, नागमोडी रक्तवाहिन्या ठळक होतात. गर्भ रुजतो तो याच सुमाराच्या मोजक्या दिवसांत. या बदलांचा दिवसवार तक्ता नॉयस, हर्टिग आणि रॉक यांनी १९५० मध्ये मांडला. मूल होणारी बाई कोणती आणि न होणारी कोणती हे त्यावरून ओळखता येत नाही, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. तरी तारीख लागतेच, कारण क्षयाच्या गाठी शोधायच्या तर तुकडा पाळीच्या तोंडावर घेतलेला हवा. अस्तर दर महिन्याला गळून जातं, गाठींना तयार व्हायला तेवढेच दिवस मिळतात.

आपल्याकडे क्षयाचा विचार टाळून चालत नाही. त्यासाठी तुकड्याचे दोन भाग करायचे: एक फॉर्मॅलिनमध्ये, एक सलाईनमध्ये. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर कशाचं लावणार? सगळाच तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकून पाठवणारी क्लिनिकं अजून आहेत, हे ऐकून मला राग आला. काका नुसते हसले.

सीडी-१३८च्या स्टेनने प्लाझ्मा पेशी तपकिरी उठून दिसतात. त्या असल्या तर अस्तराला जुनाट सूज असल्याचा संशय. पण किती पेशी म्हणजे आजार, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही.

"हिच्या पोटात गर्भ टिकत नाही" असं सासरी बोललं जातं, तेव्हा अस्तर दुबळं आहे असंच सगळे धरून चालतात. इंग्लंडमधल्या यान ब्रोसन्स यांच्या गटाने २०१० मध्ये उलटी शक्यता मांडली. अस्तरातल्या पेशी सदोष गर्भ ओळखून त्याला रुजू देत नाहीत. काही बायकांमध्ये मात्र अस्तर तिकीट न बघणाऱ्या टीसीसारखं वागतं. दिवस चटकन राहतात आणि मग गर्भ पडतो. हा सिद्धांतच आहे, अजून निकाल नाही. पण पहिल्या तिमाहीतल्या निम्म्याहून अधिक गर्भपातांत गर्भाच्याच गुणसूत्रांत दोष सापडतो, हे पक्कं ठाऊक आहे. सासूबाईंनी तेवढं ऐकलं तरी पुरे.

अस्तराच्या नावावर महागड्या गोष्टीही विकल्या जातात. आयव्हीएफआधी अस्तर खरवडल्याने फायदा होत नाही, असं २०१९ च्या मोठ्या चाचणीत दिसलं. गर्भ कधी सोडायचा हे जनुकांवरून ठरवण्याच्या तपासणीचं २०२२ मध्ये तेच झालं. अस्तराचा तुकडा योग्य दिवशी, दोन बाटल्यांत पाठवणं यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

क्लिनिकमधून तारीख मिळाली: चोविसावा दिवस. स्लाइडवरही तसंच दिसत होतं. गाठी नाहीत. दोन-चार प्लाझ्मा पेशी आहेत. डॉक्टरबाईंनी त्या आकड्यानिशी लिहिल्या, निदानाचा शब्द वापरला नाही.

बाहेर नवरा काउंटरवर विचारत होता, रिपोर्ट संध्याकाळी मिळेल का? बायोप्सीचा उद्या मिळेल, काउंटरवरची मुलगी म्हणाली. कल्चर निगेटिव्ह आहे असं लिहून द्यायला सहा आठवडे लागतात.