व्हेरी लाइट जेट म्हणजे काय? एवढंसं विमान बनवायला इतकी वर्षं का लागतात?



आपल्या खान्देशात, धुळ्याच्या धावपट्टीवर 2020 मध्ये एका सहा आसनी विमानाची चाचणी झाली. कॅप्टन अमोल यादव यांनी ते मुंबईत, कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर बनवलं. 2016 च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. नोंदणी झाली 2017 मध्ये, उड्डाणाची परवानगी मिळाली 2019 मध्ये. सावद्यात मला पोरं विचारतात, "दादा, विमान तयार होतं, मग एवढा वेळ कशाला?"

यादवांचं विमान पंख्यावर चालणारं. त्याच आकाराच्या जेटला व्हेरी लाइट जेट म्हणतात: वजन साधारण 4,540 किलोच्या आत, चार ते आठ जागा, पायलट एकच पुरतो.

त्यातलं गाजलेलं उदाहरण अमेरिकेचं 'एक्लिप्स 500'. कंपनी काढणारे व्हर्न राबर्न आधी मायक्रोसॉफ्टमध्ये होते. दहा लाख डॉलरच्या आत जेट विकायचं, हे त्यांचं गणित. 2002 मध्ये पहिलं उड्डाण झालं, पण इंजिनं कामाची निघाली नाहीत. ती बदलून प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाची घेतली. नवी इंजिनं जड. इंजिन जड झालं की जास्त इंधन लागतं, इंधनानं वजन वाढतं, मग पंखांपासून सगळी आखणी परत करावी लागते. प्रमाणपत्र मिळायला 2006 उजाडलं. किंमत दुपटीच्या वर गेली. साधारण 260 विमानं दिल्यावर, 2008 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

मी सॉफ्टवेअरवाला. ॲपमध्ये बग निघाला तर आम्ही दोन दिवसांत अपडेट टाकतो. विमानात तसं चालत नाही. तिथे महत्त्वाच्या सॉफ्टवेअरची प्रत्येक ओळ कशासाठी आहे आणि ती तपासली कशी, हे कागदावर दाखवावं लागतं. एक इंजिन बंद पडलं तर? पंखांवर बर्फ साचला तर? उत्तर सिद्ध करावं लागतं, कारण हवेत रिस्टार्टचं बटण नसतं.

म्हणून पुढच्या वेळी 'देशी विमान तयार' अशी बातमी फोनवर आली की फॉरवर्ड करण्याआधी एवढंच बघा: नमुना तयार आहे, चाचणीची परवानगी मिळाली आहे, की प्रवासी बसवून विकायचं प्रमाणपत्र हातात आहे? या तीन पायऱ्यांमध्येच वर्षं जातात आणि पैसाही.