हरलेल्या सेनापतीचा हिशेब

दरवर्षी 17 सप्टेंबरला मराठवाड्यात ध्वजवंदन होते, हुतात्म्यांचे स्मरण होते आणि रझाकारांच्या अत्याचारांची उजळणीही होते. या साऱ्यात निजामी फौजेचे सेनापती मेजर जनरल सय्यद अहमद एल इद्रूस यांचे नाव सहसा कोणी घेत नाही. पराभूतांची चरित्रे वाचण्याची आपल्याला सवय नाही. परंतु राज्ये कशी कोसळतात, हे विजेत्यांपेक्षा पराभूतांकडूनच अधिक कळते.

इद्रूस हे नामधारी सेनापती नव्हते. पहिल्या महायुद्धापासून त्यांची हयात लष्करात गेली होती. पण 1948 साली त्यांच्या हाती होते तरी काय? फौज कागदोपत्री वीस हजारांवर. त्यांतले पूर्ण शिक्षित व सुसज्ज सैनिक सुमारे 6,000. लढाऊ विमानदल नाही. सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून चोरून शस्त्रे आणीत असे. पण चोरट्या शस्त्रांवर सैन्य उभे राहत नाही. जोडीला लातूरचे वकील कासिम रझवी यांचे रझाकार. लातूर तेव्हा उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातच होते. या जथ्यांना लष्करी शिस्त ठाऊक नव्हती, आणि त्यांचा जाच सोसावा लागला तो आपल्या खेड्यांना.

13 सप्टेंबरच्या पहाटे जनरल जयंतनाथ चौधुरी यांची फौज सोलापूरहून निघाली आणि पहिली लढाई नळदुर्गाला झाली. बोरी नदीवरील पूल शाबूत हाती आला, किल्ला पडला, त्याच दिवशी तुळजापूरही पडले. नळदुर्गाजवळ धारातीर्थी पडलेले शीख पलटणीचे हवालदार बचित्तर सिंग पुढे अशोकचक्राच्या पहिल्या मानकऱ्यांपैकी एक ठरले. 17 तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि 18 तारखेला इद्रूस यांनी चौधुरींपुढे शरणागती पत्करली.

पाच दिवसांत शस्त्रे ठेवणाऱ्या सेनापतीला भ्याड म्हणणे सोपे आहे. पंतप्रधान लायक अली यांनी पुढे आपल्या पुस्तकात त्यांना दोष दिलाच. येथे जर्मन सेनापती पाउलुस यांची आठवण होते. त्यांचे सैन्य नोव्हेंबर 1942 मध्ये स्टालिनग्राडला वेढले गेले. माघारीची परवानगी हिटलरने नाकारली आणि पाउलुस यांनी ती आज्ञा पाळली. 30 जानेवारी 1943 रोजी त्यांना फील्ड मार्शलपद मिळाले. दुसऱ्याच दिवशी ते कैद झाले. सुमारे 90 हजार सैनिक बंदिवान झाले. त्यांतले पाच-सहा हजारच मायदेशी परतले. पाउलुस यांनी हिशेब उशिरा मांडला. त्याचे व्याज सैनिकांनी भरले. इद्रूस यांच्या शरणागतीने निदान हैदराबाद शहर रस्त्यारस्त्यावरच्या लढाईतून वाचले. हे श्रेय त्यांना द्यावे लागेल.

पण श्रेयाबरोबर जबाबदारीही येते. अर्थशास्त्रात आपण विद्यार्थ्यांना शिकवतो की, खर्च टळत नाही, तो दुसऱ्याच्या खाती पडतो. लढाई जिंकता येणार नाही हे सप्टेंबरात कळण्याजोगे होते, तसे ते आधीच्या कित्येक महिन्यांतही कळण्याजोगे होते. त्या महिन्यांत रझाकारांना वेळ मिळाला आणि खेडी जळाली. मग सूडाची लाट उसळली. सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीच्या अंदाजाने 27 ते 40 हजार माणसे मारली गेली, बहुतांशी मुसलमान. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होता. तो अहवाल कितीतरी दशके लोकांपुढे आला नाही. रझाकारांनी लुटलेला शेतकरी आणि नंतर मारला गेलेला निरपराध विणकर, दोघांनीही ते युद्ध मागितले नव्हते.

नळदुर्गच्या बुरुजावरून विद्यार्थ्यांना शौर्यकथा जरूर सांगाव्यात. पण त्याच बुरुजावरून हेही सांगावे की सेनापतीचे खरे धैर्य रणांगणावर नव्हे, दरबारात लागते. हरणारी लढाई सुरू होण्यापूर्वी सत्ताधाऱ्याला ‘नाही’ म्हणणारा माणूस ज्या राज्याजवळ नसतो, त्या राज्याचे कर्ज त्याची प्रजा फेडते.