गाडीलाही खारे पाणी बाधते

अशोक विजयादशमी जवळ आली की मूर्तिजापूरच्या वस्त्यावस्त्यांतून नागपूरला दीक्षाभूमीवर जाण्याची तयारी सुरू होते. कोणी रेल्वेने निघतो, कोणी एस.टी.ने. आम्ही तीन घरची माणसे वर्गणी काढून एक जुनी मेटॅडोर ठरवायचो. मागची बाके काढून तिथे गाद्या, स्टोव्ह, पिठाचा डबा आणि पाण्याच्या कॅन. म्हातारी माणसे व लेकरे गाडीतच झोपत. परदेशात अशा गाड्या हौसेने तयार करून घेतात. आमची गरजेतून झाली होती.

काही वर्षांपूर्वी तिवसा मागे पडले आणि गाडीच्या पुढून वाफ निघू लागली. काट्याकडे कुणाचे लक्षच नव्हते. आमच्यातला एक तरुण ओला फडका घेऊन रेडिएटरचे झाकण उघडायला धावला. तेवढ्यात मागून आलेल्या ट्रकचा वयस्क ड्रायव्हर ओरडला, "हात नोको लावू, बाबू! तोंड भाजीन तुयं!"

त्या एका हाकेने मोठा अनर्थ टळला. हे आमच्या भगिनींना लगेच समजेल. रेडिएटर म्हणजे प्रेशर कुकरच. दाबामुळे आतले पाणी शंभर अंशांच्या पुढे तापले तरी उकळत नाही. झाकण फिरवताच दाब जातो आणि उकळते पाणी वाफेसह अंगावर उसळते. शिट्टी चालू असताना आपण कुकर उघडतो का?

इंजिन बंद करून आम्ही चांगला तासभर थांबलो. मग त्या काकांनी खाली वाकून पाहिले. खालच्या रबरी पाइपाचे तोंड पट्टीजवळ तडकले होते. त्यांनी तेवढा तुकडा कापून पाइप पुन्हा बसवला, पट्टी आवळली आणि पिण्याच्या कॅनमधले पाणी हळूहळू ओतले. तापल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतले तर त्याचे लोखंड तडकू शकते, हेही त्यांनीच सांगितले. पैसे देऊ केले तर ते हसून म्हणाले, "चहा पाजा, भाऊ."

परत आल्यावर रेडिएटर उघडला. आतल्या नळ्यांत पांढरा थर साचला होता. दोष कुणाचा? आमचाच! दरवेळी विहिरीचे पाणी ओतून आम्ही मोकळे होत होतो. पूर्णेच्या खोऱ्यातला आपला हा खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत तो पसरला आहे. या पाण्याने घागरीला थर चढतो, डाळ शिजत नाही. मग गाडीच्या बारीक नळ्यांचे काय होणार? क्षार साचून वाट बुजते, धातू गंजतो आणि गळती लागते.

रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची युक्ती बहुतेक ड्रायव्हरांना ठाऊक असते. बारीक छिद्र तिने तात्पुरते बुजतेही. पण जास्त झाली तर नळ्याच बंद होतात. गावापर्यंत पोहोचण्यापुरताच हा उपाय. जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर कारागीर डाग देऊन तो दुरुस्त करतो.

आता निघण्याच्या आठवडाभर आधी आम्ही एवढे पाहतो. सकाळी गाडीखाली ओल आहे का? पाइप दाबल्यावर चिरा दिसतात का? इंजिन थंड असताना पाणी कमी झाले आहे का? भरायचे ते बॅटरीचे पाणी आणि कूलंट, निम्मे-निम्मे. ऑइल दुधाळ दिसले किंवा धुराड्यातून सतत पांढरा धूर आला, तर गाडी थेट मिस्त्रीकडे. रस्त्यात काट्यावर नजर हवीच. पण पाणी पार संपले तर काटा खालीच राहून फसवतो, हेही ध्यानात ठेवावे.

मातामाउलींना एक विनंती. कूलंट चवीला गोड, पण विषारी असते. ते पाण्याच्या बाटलीत कधी भरू नका, सांडले तर लगेच धुऊन पुसून घ्या. लेकरू किंवा कुत्रे चाटेल आणि जिवावर बेतेल.

आम्ही वर्गणीत गाडीभाडे धरायचो, डिझेल धरायचो, भाजीपालाही धरायचो. एका रबरी पाइपाची किंमत तेवढी धरत नव्हतो. त्या दिवसापासून तीही धरतो. गाडीत आपलीच आजी आणि आपलीच लेकरे झोपलेली असतात.