चौऱ्याहत्तर वर्षांचा काढता पाय

सप्टेंबर १८८२मध्ये तेल-अल-कबीरच्या लढाईत ब्रिटिशांनी इजिप्तच्या शासकाविरुद्ध, म्हणजे खेदिवाविरुद्ध, उठलेल्या अराबी पाशाचा पराभव केला. त्या मोहिमेत हिंदुस्थानातून नेलेल्या पलटणीही होत्या. खेदिवाची गादी सावरली की आम्ही निघालोच, असं ग्लॅडस्टन सरकार तेव्हा सांगत होतं. शेवटचा ब्रिटिश शिपाई निघाला तो जून १९५६मध्ये.

मधल्या वाटाघाटी पाहिल्या, तर गाडं पुनःपुन्हा एकाच जागी रुतलेलं दिसतं. जायचं, हे ब्रिटिश तत्त्वतः केव्हाच मान्य करत. त्यांना हवा होता तो वाटेल तेव्हा परत येण्याचा हक्क.

१८८७मध्ये ब्रिटिश दूत ड्रमंड वुल्फ यांनी कॉन्स्टँटिनोपलला, इजिप्तवर नाममात्र सत्ता असलेल्या उस्मानी सुलतानाच्या सरकारशी करारही केला. तीन वर्षांत फौज काढू, पण गडबड झालीच तर पुन्हा येऊ, असा त्याचा आशय. या दुसऱ्या कलमावर फ्रान्स आणि रशिया बिथरले, त्यांच्या दबावाखाली सुलतानाने करार कायम केला नाही, आणि लंडनला राहण्यासाठी आयतंच निमित्त मिळालं.

१९२२मध्ये इजिप्तला स्वातंत्र्य ‘दिलं’ गेलं, तेही चार विषय राखून ठेवून; दळणवळणाची सुरक्षितता आणि सुदान हे त्यातले दोन. १९३६च्या तहाने ब्रिटिशांना शांततेच्या काळात सुएझ कालव्याच्या पट्ट्यात १०,००० सैनिक आणि ४०० वैमानिक ठेवायची मुभा मिळाली, मुदत २० वर्षं. इजिप्तच्या बाजूने सही करणारे होते वफ्द पक्षाचे नहास पाशा. १९४२मध्ये याच नहासना पंतप्रधान करण्यासाठी ब्रिटिशांनी राजा फारूकच्या अब्दीन राजवाड्याला रणगाड्यांचा वेढा घातला. आणि १९५१मध्ये हा तह एकतर्फी रद्द केला तोही नहास यांनीच!

त्याआधी, १९४६मध्ये, सगळं जवळजवळ जुळलं होतं. ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बेविन आणि इजिप्तचे पंतप्रधान सिदकी पाशा यांच्या मसुद्यात १ सप्टेंबर १९४९पर्यंत सर्व फौज हलवायची होती. पण सुदानबद्दलची वाक्यं इतकी मोघम ठेवली होती, की सिदकी कैरोला परतले ते सुदान इजिप्तच्या मुकुटाखाली आल्याचं सांगत. लंडनने हा अर्थ नाकारला आणि मसुदा बारगळला. शब्द मोघम ठेवून वेळ मारून नेण्याची मुत्सद्द्यांची सवय इथे चांगलीच अंगाशी आली.

वर्षभरात हिंदुस्थान स्वतंत्र झाला. हिंदुस्थानची वाट राखायची, हे जुनं कारण संपलं, तरी कालव्याकाठचा ब्रिटिश तळ वाढतच गेला. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे जवळपास ८०,००० ब्रिटिश सैनिक होते. २५ जानेवारी १९५२ला इस्माइलियात त्यांनी पोलीस ठाण्यावर हल्ला केला, सुमारे ५० इजिप्शियन पोलीस मारले गेले. दुसऱ्या दिवशी कैरो जळत होतं. सहा महिन्यांत लष्करी उठावात फारूकची राजवटच गेली.

उठावानंतर सत्तेवर आलेल्या, सुदानच्या खार्तुममध्ये जन्मलेल्या जनरल नगीब यांनी फेब्रुवारी १९५३मध्ये सुदानचा स्वयंनिर्णय मान्य करून जुनी गाठ सोडवली. मग वाटाघाटी अडल्या कशावर? तळाची देखभाल करायला मागे राहणाऱ्या ब्रिटिश तंत्रज्ञांच्या गणवेशावर. वरवर पोरकट वाटणारा हा वाद तसा नव्हता: गणवेशातला ब्रिटिश रस्त्यावर दिसला, तर फौज गेली हे कैरोतला माणूस मानणार नव्हता. इकडे लंडनमध्ये पंतप्रधान चर्चिल यांचा आणि त्यांच्याच पक्षातल्या ‘सुएझ गटा’चा माघारीला विरोध होता. अखेर हायड्रोजन बॉम्बच्या जमान्यात असा एकगठ्ठा तळ म्हणजे शत्रूला सोपं लक्ष्य, हा युक्तिवाद चर्चिल यांना पटला.

१९ ऑक्टोबर १९५४ला इजिप्तचे पंतप्रधान नासर आणि ब्रिटिश मंत्री अँथनी नटिंग यांनी करारावर सह्या केल्या. फौज २० महिन्यांत जाणार, तळ साध्या वेशातले कंत्राटी तंत्रज्ञ सांभाळणार. परतीचं कलम होतंच: इजिप्त, अरब लीगचे देश किंवा तुर्कस्तानवर बाहेरच्या सत्तेने हल्ला केला तर सात वर्षांपर्यंत ब्रिटिशांना येता येईल. त्यातून इस्राएलचा हल्ला मात्र वगळला होता. एवढी सवलतही मुस्लिम ब्रदरहूड या संघटनेला शरणागती वाटली. आठवडाभरात अलेक्झांड्रियाच्या सभेत त्यांच्या माणसाने नासरवर गोळ्या झाडल्या.

१३ जून १९५६ला, मुदतीच्या काही दिवस आधीच, शेवटची तुकडी पोर्ट सैदहून निघाली. २६ जुलैला नासरनी कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश फौज पोर्ट सैदला पुन्हा उतरली, आणि कारण पुढे केलं ते कराराने वगळलेलंच: इस्राएलचा हल्ला. अमेरिका आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या दबावाने डिसेंबरात तिला माघारी जावं लागलं. १ जानेवारी १९५७ला इजिप्तने १९५४चा करार रद्द केला.