बाबांचा आलेखाचा कागद

माझे बाबा साताऱ्याच्या एका हायस्कुलात गणित शिकवत. जूनमध्ये आमच्या पुस्तकांना खाकी कव्हरे घालण्याचे काम त्यांचे. कोपरे असे दुमडत की वर्षभर हलत नसत. १९९९ च्या जूनमध्ये मात्र ते दिवसदिवस अंथरुणातून उठत नव्हते. तरी रोज एक याप्रमाणे त्यांनी माझी सगळी पुस्तके पुरी केली.

त्याआधीच्या दिवाळीत हेच बाबा रात्ररात्र जागत, अखंड बोलत आणि प्रॉव्हिडंट फंडावर कर्ज काढून विद्यार्थ्यांसाठी अकरा सायकली घेऊन आले होते. मास्तर दिलदार, असे शेजारी म्हणाले. आम्हालाही तसेच वाटले. हप्ते तीन वर्षे पगारातून कापले गेले.

२००१ मध्ये पुण्याच्या डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले, बायपोलर. कधी उन्माद, कधी खोल नैराश्य. लिथियम सुरू झाले. लिथियम हा साधा क्षार. उन्मादावरचा त्याचा गुण ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. पण गुण देणारी आणि विषबाधा करणारी पातळी यांत अंतर फार थोडे. म्हणून शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचे, शिवाय मूत्रपिंड आणि थायरॉईड अधूनमधून तपासायचे. बाबांनी आलेखाच्या कागदावर ०.६ आणि १.० अशा दोन रेघा मारल्या आणि प्रत्येक तपासणीचा ठिपका त्यावर मांडू लागले.

२०१४ मध्ये मी न्यू जर्सीत होतो. रविवारच्या फोनवर त्यांचे शब्द जड येत होते. हात थरथरतात, चहा सांडतो, असे आई म्हणाली. मी वयावर ढकलले (इंजिनिअरचा आत्मविश्वास!). दोन दिवसांनी त्यांना इस्पितळात न्यावे लागले. पातळी १.८. गुडघेदुखीसाठी ते दहा दिवस दुकानातून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या खात होते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांमुळे लिथियम मूत्रपिंडातून नीट बाहेर पडत नाही. दुकानदाराला काय बोलणार? बाबा लिथियम घेतात हे आम्ही कोणालाच कळू दिले नव्हते. नात्यात आणि शाळेत 'पित्ताचा त्रास' एवढेच ठाऊक होते.

मंडळातील ज्यांचे आईवडील हे औषध घेतात, त्यांनी सगळ्या औषधांची यादी त्यांच्या खिशात राहील असे पाहावे. जुलाब, उलट्या, कडक ऊन किंवा अचानक मीठ सोडणे, यांतही पातळी चढते. डॉक्टरांना लगेच कळवावे. गोळी मनाने बंद करू नये. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण देणे बंधनकारक केले आहे, तेव्हा पॉलिसी काढून पाहावी. फोनवर मदतीसाठी तिकडे १४४१६, अमेरिकेत ९८८.

पैशाची व्यवस्था बाबांनीच सुचवली. आईबरोबर जॉइंट खाते, दोघांच्या सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत. "आज बरा आहे तोवर सही करतो. पुढे मी कितीही भांडलो तरी ऐकू नका," ते म्हणाले. पुढे ते खरेच एकदा भांडले. आईने सही केली नाही.

२०१९ मध्ये ते गेले. ट्रंकेत तो आलेखाचा कागद सापडला. १.८ चा ठिपका रेघांच्या बराच वर, आणि शेजारी तांबड्या पेन्सिलीने, वहीत लिहीत तसे: 'उत्तर चूक. पायऱ्या तपासा.'