टाळूचा फोटो

रात्रीचे साडेदहा. जळगावात रिंग रोडजवळच्या बहिणीच्या घरी भाचा ट्यूबलाइटखाली मान घालून बसलेला आणि मी त्याच्या टाळूचे फोटो काढत होतो. फॉर्मला चार फोटो हवे होते: समोरून, माथ्यावरून, दोन्ही कानशिलांकडून. केसांना तेल नको, केस ओले नकोत, अशी सूचना मोबाइलवर होतीच. भाचा सव्वीस वर्षांचा, एमआयडीसीत सुपरवायझर. दिवाळीनंतर स्थळं बघायला सुरुवात होणार, आणि दोन वर्षांत त्याचं कपाळ दोन्ही बाजूंनी वर सरकलंय.

"स्किनवाल्या डॉक्टरकडे का जात नाहीस?" मी विचारलं.

"मामा, तिथं बाकावर ओळखीचं कोणी भेटलं म्हणजे?"

ही लाज मी हसण्यावारी नेत नाही. एरंडोलला माझं बावीस वर्षं मेडिकल होतं. केसांचं औषध मागणारी मुलं दुकान रिकामं होईपर्यंत समोरच्या पानटपरीवर थांबून राहायची, हे मी रोज बघितलंय. घरबसल्या मोबाइलवर डॉक्टर भेटत असेल, तर या मुलांसाठी ती खरोखर मोठी सोय आहे.

फॉर्म सुरू झाला. वय, वडिलांना टक्कल आहे का, झोप किती, पोट साफ होतं का, ताण आहे का. मग डोक्यांची सात चित्रं: तुमचं यातलं कोणतं? ही पायऱ्यांची मांडणी हॅमिल्टन यांची, 1951 सालची, आणि नॉरवुड यांनी 1975 साली ती सुधारली. भाच्याचं बोट दुसऱ्या आणि तिसऱ्या चित्राच्या मध्ये बराच वेळ घुटमळलं. शेवटी त्यानं दुसरं निवडलं. माझ्या मते तिसरं होतं.

तीन मिनिटांत संच समोर आला. मिनॉक्सिडिल 5 टक्के, फिनास्टेराइड 1 मिलिग्रॅम, बायोटिनच्या चघळायच्या गोळ्या, एक चूर्ण आणि शाम्पू. महिन्याला दोन हजारांच्या आसपास; आत्ता घेतलं तर सवलत, आणि शेजारी उलटं पळणारं घड्याळ. तो 'पैसे भरा'वर बोट ठेवणार, तेवढ्यात मी त्याचा हात धरला.

या पाच वस्तूंपैकी पुरुषांच्या आनुवंशिक टकलावर भक्कम पुरावा पहिल्या दोनच औषधांचा आहे. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. ती खाणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले, म्हणून पुढे तिचं लावायचं औषध झालं. अमेरिकेत त्याला 1988 साली मान्यता मिळाली. फिनास्टेराइड प्रोस्टेटसाठी 1992 साली आलं आणि टकलासाठी 1 मिलिग्रॅमची गोळी 1997 साली. केसांची मुळं बारीक करणारं डीएचटी नावाचं संप्रेरक शरीरात कमी तयार व्हावं, एवढंच तिचं काम. काहींना तिच्यामुळे कामेच्छा कमी होते, काहींचं मन खिन्न होतं. प्रोस्टेटच्या तपासणीतला पीएसएचा आकडा ती निम्म्यावर आणते, म्हणून ही गोळी चालू आहे हे त्या डॉक्टरला सांगावं लागतं. गरोदर बाईनं फुटलेली गोळी हाताळू नये. हे सगळं पडद्यावर होतं, पण खाली, बारीक अक्षरात.

आणखी एक गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिले काही आठवडे केस उलट जास्त गळू शकतात. माझ्या दुकानात कितीतरी बाटल्या महिन्याभरात याच कारणानं परत आल्या. फरक कळायला चार ते सहा महिने लागतात, आणि औषध बंद केलं की कमावलेलं हळूहळू जातं.

आतल्या खोलीतून भाची बाहेर आली. धुळ्याची सासुरवाशीण, बाळंतपणाला माहेरी आलेली, बाळ चार महिन्यांचं. "मामा, मीपण मागवलंय," ती म्हणाली. फॉर्म तिनंही भरला होता. तिचा संच आठवड्यापूर्वीच आला होता. बायोटिनच्या गोळ्या सुरू होत्या, मिनॉक्सिडिलची बाटली अजून फोडायची होती. अंगावर पाजतेस का, हा प्रश्न फॉर्ममध्ये होता की घाईत तिच्याकडून सुटला, तिला आठवेना. चिठ्ठीवर डॉक्टरचं नाव होतं, पण त्या नावाच्या माणसाशी तिचं एक अक्षरही बोलणं झालं नव्हतं.

मला खरा राग आला तो इथं. टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आपल्याकडे 25 मार्च 2020 रोजी आली. चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक हवा. संगणकाच्या प्रणालीनं स्वतः रुग्णाला सल्ला किंवा औषध द्यायचं नाही. आणि निदान, किमान तात्पुरतं तरी, केल्याशिवाय औषध लिहिणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. फॉर्म तुम्हाला औषध निवडायला लावतो. केस का गळतात, हे मात्र तिथं कोणीच ठरवलेलं नसतं.

हे का महत्त्वाचं, ते आपल्या शेजारच्या जिल्ह्यानं नुकतंच पाहिलंय. भुसावळहून नागपूरकडे जाताना लागणाऱ्या शेगावच्या परिसरात डिसेंबर 2024 पासून माणसांचे केस तीन-चार दिवसांत मुळासकट हातात यायला लागले. बायका, पोरं, म्हातारे, सगळ्यांचे. आधी शाम्पूवर संशय, मग पाण्यावर. 18 गावांतले 279 जण सापडले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गावांत जाऊन रक्त, लघवी, केस आणि घरातले गहू तपासले, आणि रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. त्या लोकांना मिनॉक्सिडिलच्या बाटल्या पाठवून काय झालं असतं?

पुढच्या आठवड्यात भाचीला सासरी सोडायला गेलो, तेव्हा तिला धुळ्याच्या हिरे मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग ओपीडीत घेऊन गेलो. सोबत बहीण होती आणि बहिणीच्या पिशवीत गुंतवळ. "कितला केस गळी ऱ्हायनात!" म्हणत केसांवर भांडी देणारीसाठी ती महिनाभर गोळा करत होती.

केसपेपर काढून दीड तास बसलो. डॉक्टर मुलगी तरुण होती. तिनं भांग पाडून बघितला, मग पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरून हलकेच ओढली. आठ-नऊ केस हातात आले. बहिणीनं न विचारता पिशवी पुढे केली. मला ओशाळल्यासारखं झालं, पण डॉक्टरनं त्यातले चार केस उचलून उजेडात धरले. प्रत्येकाच्या टोकाला पांढरा, टाचणीच्या डोक्याएवढा गोळा. "हे विश्रांतीला गेलेले केस आहेत," ती म्हणाली. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी असे केस एकदम गळतात, आणि बहुतेकींचे बाळ वर्षाचं होईपर्यंत परत येतात. मिनॉक्सिडिल अंगावर पाजताना नको. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासायचं ठरलं. मग तिनं विचारलं, "बायोटिन घेता का?" भाचीनं मान हलवली. "दोन-तीन दिवस बंद ठेवा, मगच रक्त द्या. थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येतो त्यानं."

भाच्यानं मात्र ऑनलाइनच उपचार घ्यायचे ठरवले, आणि मी अडवलं नाही. फक्त त्यानं दुसरी सेवा शोधली, जिथं आधी डॉक्टर व्हिडिओवर येतो. नोंदणी क्रमांक त्यानं तपासून घेतला. वीस मिनिटं बोलणं झालं. कॅमेरा टाळूवर फिरवायला मीच होतो. चित्र तिसरंच निघालं. फिनास्टेराइडबद्दल डॉक्टरनं मोकळेपणानं सांगितलं, आणि भाच्यानं तूर्त फक्त मिनॉक्सिडिल घेतलं. ते गोलाणी मार्केटजवळच्या मेडिकलमधून चिठ्ठी दाखवून आणलं, चूर्ण आणि शाम्पूशिवाय.

दर महिन्याच्या एक तारखेला तो त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात फोटो काढून मला पाठवतो. दुसऱ्या महिन्यात घाबरून फोन केला होता, उशीवर केस फार दिसतात म्हणून. काल चौथा फोटो आला. डाव्या कानशिलाच्या वर बारीक लव दिसतेय. मी फोन उजेडात धरून दोनदा बघितली.