जुना खेळ, नवी जॉयस्टिक

जुन्या संगणकांसाठी लिहिलेल्या आज्ञावल्या आज चालवायच्या असतील, तर जुना संगणक शोधत हिंडावे लागत नाही. नव्या संगणकातच एक 'आभासी संगणक' उभा करून त्यात डॉस किंवा विंडोज ९८ सारखी जुनी कार्यप्रणाली घालता येते. कळफलक चालतो, माऊसही चालतो. पण विमान उडवण्याचा एखादा जुना खेळ सुरू करून यूएसबीची जॉयस्टिक जोडली, की पुष्कळदा पंचाईत होते. एक तर खेळाला ती दिसतच नाही. किंवा दिसते, पण हात लावलेला नसतानाही विमान एका बाजूला कलत राहते. जॉयस्टिक बिघडली, असे म्हणून विद्यार्थी मोकळे होतात. प्रत्यक्षात ती धडधाकट असते. मग घोटाळा कोठे होतो?

त्यासाठी १९८१ सालात जावे लागेल. त्या वर्षी आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरबरोबर जॉयस्टिक जोडण्याचे एक कार्ड आले. त्यावरील पंधरा पिनांच्या जोडणीला पुढे 'गेमपोर्ट' हे नाव रूढ झाले. दांडी हलवली, की तिच्या तळाशी असलेल्या बदलत्या रोधकाचा रोध ० ते १०० किलोओहम यांच्या दरम्यान बदलतो. हा रोध मोजण्यासाठी महागडे मंडल न वापरता अभियंत्यांनी एक स्वस्त युक्ती केली. त्यांनी रोधाचे रूपांतर काळात केले.

कार्डावर ०.०१ मायक्रोफॅरडचे एक धारित्र असते. खेळाने षोडशमान पद्धतीतील २०१ या पत्त्यावर काहीही लिहिले, की धारित्र दांडीच्या रोधकातून भरू लागते आणि त्या पत्त्यावरील ठरावीक बिट १ होतो. धारित्र पुरेसे भरले, की तो बिट पुन्हा ० होतो. रोध जास्त, तर भरायला वेळ जास्त. आयबीएमने दिलेले सूत्र असे:

काळ (मायक्रोसेकंदांत) = २४.२ + ०.०११ × रोध (ओहममध्ये)

यातील २४.२ ही संख्या मार्गात कायम असलेल्या २.२ किलोओहमच्या रोधकामुळे येते. दांडी मध्यावर असताना रोध ५० किलोओहम धरला, तर काळ ५७४.२ मायक्रोसेकंद येतो. १०० किलोओहमला ११२४.२.

हा काळ मोजण्याचे काम मात्र खेळाच्या आज्ञावलीचे. ती तो बिट पुन्हा पुन्हा वाचते आणि तो ० होईपर्यंत किती वेळा वाचला ते मोजते. येथेच खरी मेख आहे. समजा, एका वाचनाला ८ मायक्रोसेकंद लागतात. मग मध्यावरची मोजणी सुमारे ७२ भरेल. दुसऱ्या संगणकावर १ मायक्रोसेकंद लागत असेल, तर तीच मोजणी ५७४ होईल! म्हणूनच जुने खेळ आरंभी 'दांडी वरच्या डाव्या कोपऱ्यात न्या, आता खालच्या उजव्या कोपऱ्यात न्या' असे सांगून आपापली मोजपट्टी ठरवून घेत.

आता आभासी संगणकाकडे वळू. डॉसला यूएसबी मुळात ठाऊकच नाही. खेळ २०१ या पत्त्याकडे पाहतो आणि तेथे कोणी नसते. पत्त्यावर गेमपोर्टची नक्कल बसवली, तरी अडचण संपत नाही. आभासी संगणकाला खऱ्या प्रक्रियकाचा वेळ तुकड्यातुकड्यांनी मिळतो. मोजणी चालू असतानाच मधला काही काळ दुसऱ्याच कामाला गेला, तर खेळाची मोजणी थांबते, पण काळ थांबत नाही. मोजणी कमी भरते आणि दांडी हलल्याचा भास होतो.

यावर उपाय कार्यप्रणालीनुसार वेगळे आहेत. डॉसच्या खेळांसाठी डॉसबॉक्स किंवा ८६बॉक्स यांसारखी आज्ञावली वापरावी. ती यूएसबी जॉयस्टिकची स्थिती वाचून खेळापुढे गेमपोर्टचे सोंग वठवते. डॉसबॉक्समध्ये 'टाइम्ड' नावाची एक निवड आहे. ती चालू असताना बिट काळानुसार ० होतो. बंद केल्यावर किती वेळा वाचले यावरून तो ० होतो. विमान आपोआप कलत असेल, तर ही निवड बदलून पाहावी. गेमपोर्टच्या एका बाइटात चार अक्ष आणि चार बटणे एवढीच जागा आहे, हेही ध्यानात ठेवावे. आजच्या कंट्रोलरची उरलेली बटणे खेळाला कळणारच नाहीत.

विंडोज ९८ आणि एक्सपी यांना यूएसबी समजते. तेथे व्हर्च्युअलबॉक्ससारख्या आज्ञावलीतून उपकरण सरळ आभासी संगणकाच्या हवाली करता येते. तेवढा वेळ ते बाहेरच्या संगणकाला दिसत नाही. एक्सबॉक्स ३६० चा कंट्रोलर यूएसबी जॉयस्टिकची नेहमीची भाषा बोलत नाही. त्यासाठी एक्सपीमध्ये वेगळा ड्रायव्हर घालावा लागतो.

वर्गात हे तत्त्व संगणकाशिवाय दाखवता येईल. ९ व्होल्टची बॅटरी, १०० किलोओहमचा रोधक आणि १०० मायक्रोफॅरडचे धारित्र एकसरीत जोडा. धारित्राची धन-ऋण टोके तपासून घ्या. धारित्राच्या दोन टोकांना डिजिटल मल्टिमीटर लावून ६ व्होल्ट होण्यास लागणारा वेळ घड्याळाने मोजा. तो सुमारे ११ सेकंद यावा. धारित्र रिकामे करून ५० किलोओहमचा रोधक लावला, तर तो निम्मा होईल. धारित्रावर छापलेले मूल्य काटेकोर नसते, म्हणून थोडा फरक पडेल. मग एका विद्यार्थ्याला घड्याळाऐवजी तोंडाने आकडे मोजायला सांगा, दुसऱ्याला दुप्पट वेगाने मोजायला सांगा आणि तिसऱ्याला मध्येच हाक मारा. जुन्या खेळाची अडचण मुलांच्या लगेच लक्षात येईल.